यंत्राच्या पाठीवरचे गाणे

शेतातील काम आणि गाणे यांची सोबत फार जुनी आहे. मोट हाकणारा गडी धावेवरून बैल पुढे-मागे नेताना मोटेची गाणी म्हणत असे. कापणीला जमलेल्या माणसांची पात भलरीच्या ठेक्यावर पुढे सरकत असे. या गाण्यांनी मनाला विरंगुळा मिळे, हे खरेच. परंतु त्याहून मोठे काम ती करीत. श्रमांना ताल देणे, दहा माणसांचे विळे एका वेळी चालविणे आणि बैलांना धन्याच्या आवाजाची ओळख ठेवणे ही त्यांची कामगिरी होती. त्या शेतात बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळांहून मोठा आवाज नव्हता. म्हणून माणसाचा साधा कंठ बांधापलीकडे सहज पोहोचत असे.

या व्यवस्थेला पहिला धक्का इंजिनाने दिला. अमेरिकेतील आयोवा संस्थानात जॉन फ्रोलिक या गृहस्थाने १८९२ साली पेट्रोलवर चालणारे आणि पुढे-मागे दोन्ही दिशांना जाणारे शेतीयंत्र बांधले. पुढे १९१७ साली हेन्री फोर्ड यांचा ‘फोर्डसन’ निघाला आणि ट्रॅक्टर ही सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्यातील वस्तू होऊ लागली. माणसाचे आणि जनावराचे कष्ट त्याने वाचविले, यात शंका नाही. परंतु नांगर धरणारा माणूस आता लोखंडी चाकांवर, इंजिनाच्या अगदी निकट, दिवसभर एकटाच बसू लागला. त्याचे गाणे त्याच्या स्वतःच्याच कानांपर्यंत पोहोचेना. शेतीच्या इतिहासात यंत्राने हिरावून घेतलेल्या गोष्टींची यादी कोणी केली, तर त्यात हे गाणेही लिहावे लागेल.

हे हरवलेले गाणे पुन्हा शेतात आणण्याचे जे प्रयत्न झाले, म्हणजे ट्रॅक्टरवर रेडिओ, टेप आणि ध्वनिक्षेपक बसविण्याचे जे उद्योग गेल्या शतकात झाले, त्यांचा इतिहास मला येथे सांगावयाचा आहे. वरवर पाहता हा विषय एखाद्या कारागिराच्या दुकानातला वाटेल. तथापि त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न दडलेला आहे. गोंगाटाला उत्तर द्यावयाचे ते त्याहून मोठ्या आवाजाने द्यावे, की गोंगाटाचे मूळच कमी करावे? ट्रॅक्टरवरील ध्वनीचा सारा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

प्रारंभी अडचण विजेची होती. फोर्डसनसारख्या जुन्या ट्रॅक्टरवर बॅटरी नव्हतीच. हँडल फिरवून इंजिन चालू करावयाचे आणि ठिणगीपुरती वीज मॅग्नेटोकडून घ्यावयाची, अशी ती रचना होती. त्या काळच्या रेडिओला मात्र दोन प्रकारची वीज लागे. व्हॉल्व्हची तार तापविण्यासाठी अल्प दाबाची, आणि व्हॉल्व्हच्या पट्टीसाठी शे-दोनशे व्होल्टची. मोटारगाडीत हा प्रश्न आधी उभा राहिला आणि तेथेच तो प्रथम सुटला. १९३० साली शिकागोच्या पॉल गॅल्व्हिन यांनी आपल्या मोटारीत रेडिओ बसविला आणि ती गाडी चालवीत ते अटलांटिक सिटी येथील रेडिओ कारखानदारांच्या अधिवेशनास गेले. ‘मोटोरोला’ हे नाव त्याच रेडिओसाठी योजलेले. परंतु त्या वेळी उच्च दाबासाठी निराळ्या बॅटऱ्या गाडीच्या तळफळीखाली ठेवाव्या लागत, आणि बसवणी म्हणजे गाडीला ठिकठिकाणी भोके पाडण्याचे मोठेच काम होते. थोड्याच वर्षांत ‘व्हायब्रेटर’ आला. ही एक थरथरणारी लोखंडी पट्टी. ती बॅटरीचा एकसारखा प्रवाह सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा तोडी आणि जोडी. त्या तुटक प्रवाहाचा दाब ट्रान्सफॉर्मर वाढवी. सहा व्होल्टच्या एका बॅटरीवर संपूर्ण रेडिओ चालू लागला तो या पट्टीमुळे.

याच दशकात ट्रॅक्टरही बदलत होता. १९३२ साली ॲलिस-चामर्स या कंपनीने आपल्या ट्रॅक्टरला हवेचे टायर बसवून दाखविले. शेतकऱ्याच्या पाठीच्या कण्याला त्यामुळे आराम मिळाला, आणि नाजूक काचेच्या व्हॉल्व्हला त्या यंत्रावर जगता येईल अशी शक्यताही प्रथमच निर्माण झाली. १९३९ साली निघालेल्या फोर्ड-फर्ग्युसनच्या ट्रॅक्टरवर बॅटरी, डायनॅमो आणि विजेचा स्टार्टर ही तिन्ही साधने होती. आता रेडिओला लागणारी वीज ट्रॅक्टरवरच तयार होऊ लागली.

वीज आली, तरी ती जोडण्यात एक चकवा होता. मोटार किंवा ट्रॅक्टर यांत विजेसाठी दोन तारा सर्वत्र नेत नाहीत. एक तार उपकरणापर्यंत जाते आणि परतीची वाट यंत्राच्या लोखंडी सांगाड्यातून असते. बॅटरीचे एक टोक या सांगाड्याला जोडलेले असते; त्यालाच ‘अर्थ’ म्हणतात. आज बहुतेक वाहनांत ते ऋण टोक असते. परंतु जुन्या कित्येक ट्रॅक्टरांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. १९४७ साली निघालेला फोर्डचा ‘८-एन’ हा सहा व्होल्टचा ट्रॅक्टर असाच होता. अशा ट्रॅक्टरवर आजच्या पद्धतीचे ध्वनियंत्र त्याच्या लोखंडी पेटीसह सरळ आवळले, तर पेटी सांगाड्याला टेकताच बॅटरीची दोन टोके एकमेकांस भिडण्याचा प्रसंग येतो. फ्यूज असेल तर तो वितळतो; नसेल तर तार पेटते. म्हणून जाणता कारागीर हातात पाना घेण्यापूर्वी बॅटरीचे कोणते टोक कोठे गेले आहे ते पाहतो, आणि फ्यूज बसवितो तो बॅटरीच्या अगदी जवळ. दूर बसविलेला फ्यूज त्याच्या पुढच्या तारेचे रक्षण करतो. मागच्या तारेला वाली उरत नाही.

यानंतरची अडचण अधिक मौजेची होती. रेडिओ चालू केला, की गाण्याऐवजी कडकड, तडतड असा आवाज येई. इंजिनाचा वेग वाढला, की तोही वाढे. याचे कारण समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. हाइनरिक हर्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८८७ च्या सुमारास विद्युत्-चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध केल्या, त्या विजेच्या ठिणगीच्या साहाय्याने. पेट्रोल अथवा रॉकेलच्या इंजिनात स्पार्क-प्लगमध्ये पडणारी प्रत्येक ठिणगी हेच करीत असते. अर्थात प्रत्येक इंजिन हे एक चिमुकले, बेताल असे प्रक्षेपण केंद्रच होय. दूरच्या केंद्राहून आलेली क्षीण लहर या जवळच्या कोलाहलात बुडून जाई.

हा कोलाहल दडपण्यासाठी कोणी रेडिओचा आवाज वाढविला नाही. तसे केल्याने कडकडही वाढली असती. अभियंत्यांनी तो जेथे जन्मतो तेथेच गाठला. स्पार्क-प्लगच्या वाटेवर रोधक घातले, डायनॅमोच्या टोकांशी कंडेन्सर जोडले, रेडिओ धातूच्या पेटीत बंद केला आणि इंजिनावरील पत्रे सांगाड्याशी नीट जोडून घेतले. डिझेल इंजिन आले तेव्हा तर ठिणगीच उरली नाही. तेथे इंधन दाबाच्या उष्णतेनेच पेटते. डायनॅमोचे ब्रश आणि रेग्युलेटरचे संपर्कबिंदू यांची कुरकुर तेवढी राहिली. विजेच्या गोंगाटाशी झालेला हा झगडा माणसाने शहाणपणाने जिंकला. या विजयाची पद्धत आपण ध्यानात ठेवू, कारण पुढे तिचाच विसर पडलेला दिसतो.

आता बसवणीचा प्रश्न. ट्रॅक्टरचा मागचा आस गिअरपेटीशी घट्ट जोडलेला असतो. मोटारीप्रमाणे मध्ये स्प्रिंगा नसतात. ढेकळांवरून बसणारा प्रत्येक हिसका टायरांनी सोसला तेवढा सोसला, उरलेला थेट वरच्या वस्तूंना पोहोचतो. त्यात इंजिनाची सततची थरथर असतेच. या थरथरीने डाखाचे सांधे उकलतात, स्क्रू आपोआप सैल होतात आणि पत्र्याच्या भोकातून गेलेल्या तारेचे आवरण दिवसागणिक करवतल्यासारखे झिजत जाते. यावरची उपाययोजना साधीच आहे. पेटी आणि लोखंड यांच्यामध्ये रबर घालावे, प्रत्येक भोकाला रबरी बुश द्यावा, तार ठिकठिकाणी बांधावी आणि तप्त सायलेन्सरपासून दूर न्यावी. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर मडगार्डावर बसविण्याचे खास रेडिओ निघाले. त्यांच्या पेट्या पाऊस आणि धूळ आत शिरू नये अशा बंदिस्त असत, आणि हातमोजे घातलेल्या बोटांनाही सहज फिरविता यावीत म्हणून त्यांची बटणे मोठी असत.

तथापि रेडिओला खऱ्या अर्थाने कणखर केले ते ट्रान्झिस्टरने. बार्डीन, ब्रॅटन आणि शॉकली यांच्या संशोधनातून बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात तो जन्मला. १९५४ साली खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेच्या बाजारात आला आणि १९५५ साली फिल्को व क्रायस्लर यांनी संपूर्ण ट्रान्झिस्टरवर चालणारा मोटार-रेडिओ जाहीर केला. तापणारी तार गेली, फुटणारी काच गेली, व्हायब्रेटरची थरथरणारी पट्टीही गेली. बारा व्होल्टची बॅटरी जे देईल तेवढ्यावर सारे भागू लागले.

आपल्या देशात ट्रॅक्टर आणि रेडिओ ही दोन यंत्रे खेड्याकडे निघाली ती जवळजवळ एकाच काळात, परंतु निरनिराळ्या वाटांनी. कांस नावाच्या चिवट, खोल मुळांच्या गवताने मध्य भारतातील विस्तीर्ण जमिनी व्यापल्या होत्या. त्या मोकळ्या करण्याकरिता अवजड ट्रॅक्टर आणता यावेत म्हणून १९४९ साली जागतिक बँकेने भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. १९५९ साली फरीदाबाद येथे आयशर कारखान्यात देशातला पहिला ट्रॅक्टर बांधला गेला. १९६३ साली महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांच्या सहकार्याची कंपनी स्थापन झाली आणि मुंबईजवळच्या कांदिवलीतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागले.

रेडिओची वाट चावडीवरून गेली. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने महाराष्ट्राच्या पाच जिल्ह्यांतील दीडशे गावांत शेतकरी-श्रोत्यांची मंडळे चालविली. आठवड्यातून दोनदा मंडळी जमत, कार्यक्रम ऐकत आणि मग त्यावर चर्चा करीत. ऐकणे आणि बोलणे यांची अशी जोड तेथे घातली गेली. १९५७ साली विविध भारती सुरू झाली. पुढे ट्रान्झिस्टर स्वस्त झाला आणि चावडीवरचा सामुदायिक रेडिओ शेतकऱ्याच्या खांद्यावर आला. बांधावरच्या झाडाला लटकू लागला. ट्रॅक्टर आला तेथे तो ट्रॅक्टरच्या मडगार्डाला बांधला गेला. १९६३ साली फिलिप्स कंपनीने लहान कॅसेट काढली होती. १९८० नंतरच्या दशकात ती आपल्या खेड्यापाड्यांत पसरली, आणि ट्रॅक्टरवर ‘टेप’ बसविणे ही एक रीतच होऊन बसली. आपल्या आवडीचे गाणे, आपल्या बोलीतले, आपल्याला हवे तेव्हा, हे सुख रेडिओने दिले नव्हते. ते कॅसेटने दिले. एकट्या चालकाला सोबत मिळाली. रात्री नांगरट करणाऱ्याला तर ती जागे ठेवणारी सोबत होती. तिला कोणी चैन म्हणू नये.

परंतु येथपर्यंत एका शत्रूला कोणी हात लावला नव्हता. तो म्हणजे कानाला ऐकू येणारा इंजिनाचा आवाज. ध्वनीची तीव्रता डेसिबलमध्ये मोजतात. हे माप मोठे फसवे आहे. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाच्या कानाशी भर कामात नव्वद ते शंभर डेसिबलचा आवाज असणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे. कामाच्या ठिकाणी पंच्याऐंशी डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही मर्यादा अनेक तज्ज्ञांनी मानली आहे. पुढे दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. या हिशेबाने शंभर डेसिबलला केवळ पंधरा मिनिटे उरतात. आता या गदारोळात गाणे स्पष्ट ऐकू यावयाचे, तर ते गदारोळाच्या वर चढले पाहिजे. म्हणजे जो कान इंजिनाने आधीच शिणला आहे, त्याच्यावर करमणुकीच्या नावाने आणखी भार पडतो. कानाच्या अंतर्भागातील सूक्ष्म केशपेशी एकदा मेल्या, की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत.

युरोप-अमेरिकेत या प्रश्नाचे उत्तर आडवाटेने आले. ट्रॅक्टर उलटून चालक चिरडले जात, म्हणून स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांवर संरक्षक चौकट सक्तीची केली. चौकटीला पत्रे आणि काचा लागल्या, केबिन तयार झाली. आणि एक विपरीत अनुभव आला. प्रारंभीच्या कित्येक केबिनींत आवाज कमी होण्याऐवजी वाढला. पत्र्याची ती पोकळ खोली ढोलासारखी घुमू लागली. जीव वाचला, पण कान गेले. तेव्हा कुठे लोकांचे लक्ष आवाजाच्या मापाकडे वळले. अमेरिकेतील नेब्रास्काच्या प्रसिद्ध ट्रॅक्टर-चाचणीत १९७० पासून आवाजही मोजला जाऊ लागला. १९७२ साली जॉन डिअर कंपनीने रबरावर बसविलेली, आतून ध्वनिशोषक अस्तर लावलेली केबिन आणली. ब्रिटनमध्ये १९७० नंतरच्या दशकातील नियमांनी नव्या केबिनीतील आवाजाला नव्वद डेसिबलची मर्यादा घातली. अशा केबिनीच्या छतात बसविलेला तळहाताएवढा ध्वनिक्षेपक, चार-पाच वॅट शक्तीवर, चालकाला बातम्या, हवामान आणि गाणे सुखाने ऐकवू शकतो. स्पार्क-प्लगच्या कडकडीवर जो उपाय योजला होता, तोच येथे योजला गेला. गोंगाट मुळाशी गाठला, आणि मग लहान आवाज पुरेसा झाला.

भारतात बंद केबिन रुजली नाही. आपले ट्रॅक्टर लहान आणि ऊन कडक; वातानुकूलनाची केबिन घ्यावयाची तर किंमत परवडत नाही. म्हणून आपण दुसरी वाट धरली आणि आवाज वाढवीत गेलो. एका ध्वनिक्षेपकाचे दोन झाले, दोनांचे चार झाले; मडगार्डावर पेट्या आणि छतावर कर्णे चढले. या वाटेचा हिशेब विजेच्या भाषेतही करता येतो. बारा व्होल्टच्या बॅटरीवर शंभर वॅट काढावयाचे तर आठ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. ध्वनिवर्धकाच्या उष्णतेत जाणारा भाग धरला तर आणखी जास्त. जुन्या डायनॅमोची सारी मिळकत दहा-वीस अँपिअरच्या घरातली. आणि कानाला आवाज दुप्पट भासावा, तर शक्ती सुमारे दहापट करावी लागते. सकाळी स्टार्टर फिरत नाही, म्हणून बॅटरीला बोल लावला जातो. रात्रभर गाणे कोणी खाल्ले, ते कोणी विचारीत नाही.

बॅटरी बदलता येते. रस्त्यावरचा अपघात मात्र परत फिरविता येत नाही. पश्चिम महाराष्ट्रात गळिताच्या हंगामात उसाने खचाखच भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रात्रंदिवस कारखान्याकडे जात असतात. चालकाला मागचे काही दिसत नाही; मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगा हेच त्याचे डोळे. टेप कर्कश लावला, की हे डोळे मिटतात. या कारणासाठी तेथील पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागली आहे. मिरवणुकांत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेल्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींमुळे तर हा प्रश्न शेताबाहेर पडून गल्लीतल्या आजारी माणसाच्या खाटेपर्यंत पोहोचला. २००० साली केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले आणि रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः मनाई केली.

याचा अर्थ ट्रॅक्टरवर गाणे असू नये, असा मुळीच नाही. २०२० आणि २०२१ साली दिल्लीच्या सीमांवर शेतकऱ्यांची जी दीर्घकाळ आंदोलने झाली, त्यांत ट्रॅक्टरवर बसविलेल्या ध्वनियंत्रांतून पंजाबी गाणी घुमत होती. ज्या यंत्राने एके काळी शेतकऱ्याचे गाणे बुडविले, तेच यंत्र त्याचे गाणे आपल्या पाठीवर वाहून राजधानीच्या दारात घेऊन आले. मोटेवरच्या आणि भलरीच्या गाण्यांचे हे कुळ संपलेले नाही, एवढे यावरून दिसते.

मात्र या कुळाची एक शिस्त होती. मोटेचे गाणे बैलांना ऐकू येईल एवढेच मोठे असे. भलरी पातीतल्या शेवटच्या विळ्यापर्यंत पोहोचली म्हणजे झाले. आपल्या हाती आज त्याहून मोठी साधने आहेत. चांगला सायलेन्सर, घट्ट बसविलेले पत्रे, वेळेवर बदललेली रबरी बैठक या गोष्टी ध्वनिक्षेपकापेक्षा कमी मोलाच्या मानल्या जातात. पण गाणे ऐकू येण्याची अर्धी तयारी त्यांनीच होते. उरलेली अर्धी कारागिराच्या हातात आहे. त्याने लहान ध्वनिक्षेपक चालकाच्या कानाच्या दिशेने बसवावा आणि मागचा भोंगा ऐकू येईल एवढाच त्याचा आवाज ठेवावा. ट्रॅक्टरवर गाणे ऐकण्यासाठी बटण शेवटपर्यंत फिरवावे लागत असेल, तर दुरुस्तीचे काम गाण्यात नाही. ते इंजिनात आहे.